बाहुलीत कोण दिसतं?

"नंबर किती?"

"सतरा."

"तो नाही हो बाबा, डोळ्याचा."

"डोयाचा काढाच्यासाठीच त सतरा नंबरवर बसलो नं बापा!"

केळापूर तालुक्यातल्या एका गावी, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात हे बोलणं झालं. डोळ्यांचं शिबिर होतं. मावशीला घेऊन मी गेलो होतो. तिचा नंबर यायला बराच अवकाश होता, म्हणून भिंतीला टेकून ऐकत बसलो. बाबांच्या उत्तरावर व्हरांडा हसला, तपासणारी मुलगीही हसली. मला मात्र तो शब्द चावत राहिला. एका दमात 'नंबर' दोनदा आला आणि दोन्हीकडे चपखल बसला. रांगेत नंबर लागतो, तसा डोळ्यालाही लागतो. रांगेतला पुढे सरकला की जीव हलका होतो, डोळ्यातला सरकला की खिसा.

'नंबर' आपण इंग्रजीतून उचलला खरा, पण इंग्रजीत आज भिंगाची 'पॉवर' म्हणतात. आपल्याकडे 'नंबर' का रुजला असावा? जुन्या काळी भिंगं इंचांवर ओळखत. भिंग उन्हात धरलं आणि दहा इंचांवर उन्हाचा ठिपका गोळा झाला, तर ते १० नंबरचं. चाळीस इंचांवर झाला तर ४० नंबरचं. म्हणजे आकडा जितका मोठा तितकं भिंग सौम्य. आजच्या अगदी उलट. १८७२ साली फेर्दिनां मोनोयेर या फ्रेंच नेत्रवैद्यानं डायऑप्टर हे माप सुचवलं: ते अंतर मीटरमध्ये घ्या आणि एकाला त्यानं भागा. अर्ध्या मीटरवर ऊन गोळा करणारं भिंग दोन डायऑप्टरचं. इंच गेले, हिशेब उलटा झाला. आपल्या बोलीतला नंबर हा त्या इंची काळाचा उरलेला तुकडा असावा, असा माझा कयास आहे. मोनोयेर गडी मिस्कील होता. त्यानं केलेल्या अक्षरांच्या तक्त्यात ओळींच्या कडेची अक्षरं खालून वर वाचत गेलं, की त्याचं स्वतःचंच नाव निघतं.

तपासणाऱ्या मुलीला सगळे 'म्याडम' म्हणत होते. या कामाचं सरकारी नाव बराच काळ 'नेत्र चिकित्सा सहायक' होतं. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला आणि त्यातून हे पद गावाजवळच्या दवाखान्यांपर्यंत आलं. महाराष्ट्रात आता त्याला 'नेत्र चिकित्सा अधिकारी' म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण उघडून पाहिलं तर गंमत वाटते. 'नेत्र' हा 'नी' धातूचा, म्हणजे नेणारा. नेता आणि नेत्र ही सख्खी भावंडं. 'चिकित्सा' मराठीत आली आणि उपचार सोडून नको तितकी खोदून विचारपूस करू लागली. घरात कुणी 'फार चिकित्सक' असेल तर त्याला औषध देता येत नाही, याचा अनुभव पुष्कळांना असेल. आणि 'तपासणी'तला तपास मूळचा अरबी, 'तफह्हुस'. शोध घेणं, चौकशी करणं. पोलीस करतात तो तपास आणि डोळ्यांचा तपास शब्दानं एकच. फरक इतकाच की इथे साक्षीदार आणि संशयित एकाच माणसाच्या कपाळाखाली बसलेले असतात.

खुद्द 'डोळा' हा शब्द कुठला? संस्कृत 'अक्षि'पासून हिंदीची आणि गुजरातीची आंख झाली, 'चक्षु'पासून बंगालीचा चोख झाला. मराठीनं हे दोन्ही सोडले आणि प्राकृतातला 'डोल' हा देशी शब्द धरला. त्याचा आमच्याकडे पुन्हा 'डोया' झाला. वऱ्हाडीत ळ टिकत नाही, त्याचा य होतो. काजय, बुबुय, डोये. या तालुक्याचं नावही तोंडात 'केयापूर' होऊनच येतं. पण इथे डोळ्याला आणखी एक नाव आहे. हा कोलामांचा आणि गोंडांचा मुलूख, आणि पाटणबोरी ओलांडून पैनगंगेपलीकडे गेलं की तेलुगू सुरू होते. कोलामीत डोळा म्हणजे 'कन', गोंडीत 'कन', तेलुगूत 'कन्नु'. मराठी माणसाला तो कान वाटतो. संस्कृतात आणि मराठीत एका डोळ्याचा तो 'काणा'. हा शब्द ऋग्वेदात आहे, आणि काही भाषाभ्यासकांनी त्याचं नातं द्राविडी भाषांतल्या 'काण्', म्हणजे पाहणे, या धातूशी जोडलं आहे. ते मान्य केलं, तर ज्याला आपण काणा म्हणतो त्याच्या नावात कोलामाचा डोळा बसलेला आहे.

तक्ता खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधला होता. सहा मीटर मोजून खडूची रेघ मारली होती आणि रेघेवर खुर्ची. हा तक्ता हर्मन स्नेलेन या डच नेत्रवैद्याचा, उट्रेख्त गावचा, सन १८६२. त्याची युक्ती साधी आहे. आपल्या जुन्या ज्योतिषाच्या भाषेत सांगतो, कारण त्या भाषेत ती जास्त सुबक बसते. एका अंशाचे साठ भाग केले की एक भाग म्हणजे एक कला. चांगल्या डोळ्याला एक कला रुंदीची फट दिसते. म्हणून स्नेलेननं अक्षर असं बेतलं की त्याची रेघ एक कला भरावी आणि सगळं अक्षर पाच कला. इंग्रजी ई पाहा: तीन आडव्या रेघा, दोन फटी, एकूण पाच. सहा मीटरवर हे अक्षर साधारण पावणेनऊ मिलिमीटर उंच येतं. ते वाचलं की ६/६. वरचा आकडा तुम्ही बसलात त्या अंतराचा, खालचा निकोप डोळा ते अक्षर जिथून वाचेल त्या अंतराचा. ६/६० म्हणजे निकोप माणूस जे साठ मीटरवरून वाचेल, ते तुम्ही सहावरून वाचता. खोली लहान असेल तर तीन मीटरवर आरसा लावतात आणि तक्ता उलट्या अक्षरांचा घेतात. आरसा म्हणजे संस्कृतातला 'आदर्श'. थोरामोठ्यांचे आदर्श भिंतीवर टांगायची आपली रीत मुळात आरसा टांगण्याचीच आहे.

देवनागरीला हा पाच घरांचा साचा काही केल्या मानवत नाही. तिची शिरोरेषा सगळ्यांना एकाच दोरीवर टांगते; 'ग'चे दोन खांब वेगळे उभे राहतात, 'छ' वेटोळं घालून बसतो, आणि 'ळ'ला तर आमच्याकडे तोंडातही जागा नाही. पण नजरेची खरी कसोटी देवनागरीत आयतीच आहे. घ आणि ध, भ आणि म. यांच्यातला फरक वरच्या रेघेतल्या एवढ्याशा फटीचा. घन दिसलं की धन, भरण की मरण, हे त्या फटीवर ठरतं. स्नेलेनला यापेक्षा वेगळं काय हवं होतं?

ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी नुसता ई असतो, चारी दिशांना तोंड फिरवलेला. मुलगी विचारत होती, "आजी, बोटं कोणीकडे?" आणि आजी आपला पंजा तसा वळवून दाखवत होत्या. एकीनं हात वर केला, खाली केला, मग म्हणाली, "खाली पाह्यते बापा हे." अक्षर पाहतं आहे! खरं तर बाई अक्षराला पाहत होती, पण तिच्या बोलण्यात अक्षरच जमिनीकडे पाहत होतं. वाक्य मी लिहून घेतलं.

अक्षरांच्या आधी माणसं नजर कशावर पारखत? आकाशावर. सप्तर्षींत वसिष्ठाच्या शेजारी अरुंधती आहे. लग्नात नवरानवरीला ती दाखवतात, आणि ज्याला ती दिसेनाशी झाली त्या माणसाचे सहाच महिने उरले, अशी जुनी समजूत. अरब या जोडीवर डोळे पारखत. अरुंधतीला ते 'सुहा' म्हणतात, म्हणजे विसरली गेलेली, दुर्लक्षित. आपण तिला पतिव्रता केली, त्यांनी दुर्लक्षित. हा स्वभावाचा फरक की एकाच गोष्टीच्या दोन बाजू, ते वाचकांनी ठरवावं. पण तपासणी म्हणून पाहिलं तर वसिष्ठ आणि अरुंधती यांच्यातलं अंतर जवळजवळ बारा कला आहे. एका कलेची फट पाहणाऱ्या डोळ्याला ते अंगण झालं. मग अवघड काय? अरुंधती मिणमिणती आहे. शहराच्या उजेडात ती विरघळते, टिपेश्वरच्या जंगलाकडे तोंड केलेल्या गावात अमावास्येला स्वच्छ दिसते. म्हणजे ही कसोटी फटीपेक्षा अंधुक उजेडाची आणि त्यातही थोडी नशिबाची.

तरीही स्नेलेनचा खरा पूर्वज मला अरुंधतीजवळच सापडतो. संस्कृतात 'स्थूलारुंधतीन्याय' नावाचा न्याय आहे. बारीक तारा एकदम दिसत नाही, म्हणून आधी शेजारचा ठळक तारा दाखवायचा, 'हीच ती' म्हणायचं, आणि डोळा तिथे स्थिरावला की हळूच खऱ्या ताऱ्याकडे न्यायचा. मोठ्याकडून बारकाकडे. तक्त्याची पहिली ओळ एवढी मोठी का, याचं उत्तर जुन्या पंडितांनी केव्हाच देऊन ठेवलं आहे.

त्या पहिल्या ओळीला आणखी एक काम आहे. राष्ट्रीय कार्यक्रमात 'अंध' कुणाला म्हणायचं, ते या अक्षरावर ठरत असे: चांगल्या डोळ्यानं ६/६० सुद्धा वाचता येत नसेल तो अंध. २०१७ साली व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेशी जुळवली आणि ती ३/६० झाली. म्हणजे तेच अक्षर, खुर्ची तीन मीटर पुढे. रात्रीतून कितीतरी माणसं कागदावर अंध राहिली नाहीत, आणि त्यांना सकाळी काहीच जास्त दिसलं नसेल. शब्दाचा अर्थ बदलतो म्हणतात. इथे तो टेपनं मोजून सरकवला.

आणि ज्याला तेही अक्षर दिसत नाही? तिथे तक्ता संपतो आणि उघडी बोली सुरू होते. किती बोटं? हात हलतो का? उजेड कोणीकडून येतो? कार्डावर याची इंग्रजी आद्याक्षरं लिहितात, पण विचारावं लागतं ते असंच. साऱ्या तपासणीत एवढेच प्रश्न असे, की ज्यांच्यासाठी एकही परका किंवा बनवलेला शब्द लागत नाही.

पंचवीस नंबरवर एक शाळकरी पोर होतं. तक्त्याकडे पाहताना त्यानं डोळे किलकिले केले आणि दोन ओळी जास्त वाचल्या. मुलीनं लगेच काळी चकती पुढे केली, मधोमध टाचणीएवढं भोक असलेली. पिनहोल. त्यातून पोरानं जवळजवळ सगळा तक्ता वाचला. याचा अर्थ पडदा ठीक आहे, दोष भिंगाचा आहे, चष्म्यानं काम भागेल. भोकातून फक्त मधले, सरळ येणारे किरण आत शिरतात, कडेचे वाकडे किरण बाहेर राहतात, म्हणून चित्र नेटकं होतं. पोर हेच काम पापण्यांनी करत होतं. किलकिले डोळे म्हणजे घरचं पिनहोल.

ग्रीकांनी नेमकं हेच पाहिलं. 'मायोपिया'मधला 'माय' म्हणजे मिटणे, 'ऑप' म्हणजे डोळा. मायोपिया म्हणजे किलकिलेपणा. रोगी काय भोगतो ते नावात नाही. तो समोरच्याला कसा दिसतो ते आहे. आपल्या पाठ्यपुस्तकात त्याला 'निकटदृष्टिता' म्हणतात. शब्द चूक नाही, पण तो भिंगाच्या आकृतीतून आला आहे, माणसाच्या चेहऱ्यावरून नाही. आणि त्याची जोडीदारीण 'दूरदृष्टिता' तर पंचाईतच करते. मराठीत दूरदृष्टी हा गुण. पुढाऱ्याला 'दूरदृष्टीचा नेता' म्हणून हार घालतात. डोळ्यांच्या खोलीत हाच दोष, आणि त्याला प्लसचा नंबर लागतो. परिभाषा करणाऱ्यांनी शेवटी एक 'ता' जोडून गुणाचा दोष केला. हे मराठीत बरेचदा घडतं. आपण 'ता' लावला की प्रत्येक गोष्टीचा रोग होतो.

आता बाहुली. शिबिरात सर्वांत सुंदर तपासणी हीच होती आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. वर्गाची खिडकी चादरीनं झाकून अंधार केलेला. मुलगी हातभर अंतरावर बसून रेटिनोस्कोपनं माणसाच्या डोळ्यात उजेडाची पट्टी सोडते. बाहुलीत लालसर चमक उमटते. पट्टी हलवली की ती चमक बरोबर सरकते किंवा उलट सरकते. बरोबर सरकली तर प्लस भिंग, उलट सरकली तर मायनस, आणि सगळी बाहुली एकदम उजळून स्थिर झाली की हिशेब जुळला. माणसाला काही विचारावं लागत नाही. मुक्या माणसाचा, रडणाऱ्या पोराचा, मराठी न कळणाऱ्या म्हातारीचा नंबर असा काढता येतो. या तपासणीचं ग्रीक शब्दांतून घडवलेलं जुनं नाव 'स्कायास्कोपी', म्हणजे सावली पाहणं.

पण त्या काळ्या छिद्राला आपण बाहुली का म्हणतो? जवळून दुसऱ्याच्या डोळ्यात पाहा. तिथे एक बोटभरही नसलेलं माणूस उभं असतं, आणि ते तुम्ही असता. लॅटिनमध्ये 'प्युपिला' म्हणजे लहान मुलगी, बाहुली. त्यावरून इंग्रजी शब्द आला. ग्रीक 'कोरी' म्हणजे मुलगी आणि डोळ्याची बाहुलीही. संस्कृत 'कनीनिका', तीही लहान मुलगीच. हिंदीत पुतली. अरबीत 'इन्सान-उल्-ऐन', डोळ्यातला माणूस. आणि इथून तासाभराच्या वाटेवर, आदिलाबादेकडे, तेलुगूत 'कंटिपाप': डोळ्यातलं बाळ. सगळ्यांनी एकमेकांना विचारून हे ठरवलं नसणार. प्रत्येकानं कुणाच्या तरी डोळ्यात इतक्या जवळून पाहिलं, की तिथे आपण उभे दिसावं. बाहुली हे छिद्राचं नाव नाही. ते पाहण्याच्या अंतराचं नाव आहे. हेल्महोल्ट्झनं १८५१ साली डोळ्याच्या तळाशी पाहण्याचा आरसा जगापुढे मांडला, तेव्हा माणसाला पहिल्यांदा बाहुलीच्या पलीकडे जाता आलं. तोवर सगळे दारातल्या बाळापाशीच थांबत होते.

पलीकडे दिसतो त्याला आपण 'पडदा' म्हणतो. फारसी शब्द. 'पडदा सरकला', 'पडद्याला सूज आली' असं नागपूरहून आलेला प्रत्येक पेशंट गावात सांगतो. लॅटिनवाल्यांना तिथे जाळं दिसलं, म्हणून 'रेटिना', अरबांनाही जाळंच. आपण ज्याला पडदा म्हटलं त्याचं पाठ्यपुस्तकानं दृष्टिपटल केलं. बुबुळाचा गोंधळ याहून मोठा आहे. पाठ्यपुस्तकात बुबुळ म्हणजे रंगीत गोल, आणि त्यापुढचं पारदर्शक ते पारपटल. पण गावात 'बुबुळ बसवलं' म्हणतात तेव्हा पारपटलाची गोष्ट चाललेली असते, आणि आई पोराला 'बुबुळं बाहेर येतील इतकं टीव्ही पाहू नको' म्हणते तेव्हा सबंध डोळ्याची. मला ती आई बरोबर वाटते. बुडबुड्यासारखं फुगीर, गरगरीत ते बुबुळ. त्याचे थर करणं हे शस्त्रक्रिया करणाऱ्याचं काम.

दुपारनंतर मोतीबिंदूवाले आले. एक म्हातारे हटूनच बसले होते. "अजून पिकला नाई. पिकू द्या, मंग येतो." मुलगी समजावत होती, ते ऐकत नव्हते. हरभरा हिरवा असताना कोण सोंगतं?

हा 'पिकणे' शब्द काही अडाणीपणाचा नाही. तो डॉक्टरांनीच दिलेला आहे. पूर्वीच्या शस्त्रक्रियेत भिंग गढूळ होऊन घट्ट झालं म्हणजे काढणं सोयीचं, म्हणून डॉक्टर थांबायला सांगत. आता बारीक छेदातून काम होतं, थांबायची गरज उरली नाही. उलट फार पिकलेला मोतीबिंदू फुगतो, पाझरतो, डोळ्यातला दाब चढतो. शास्त्र बदललं, पण शेतातला शब्द माणसाच्या मनात पेरला गेला होता, तो कोण उपटणार? कापसाच्या, तुरीच्या मुलखात तर 'पिकू द्या' याहून शहाणपणाचं बोलणं नाही. मला तरी असं वाटतं की या तालुक्यात तपासणाऱ्याच्या पेटीत भिंगांच्या शेजारी 'पिकणे'ला उतारा म्हणून एखादा शब्द असायला हवा. शेवटी मुलीनं तो शोधलाच. म्हणाली, "बाबा, बोंड फुटलं की वेचता, का पावसाची वाट पाहता?" म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं आणि अंगठ्यासाठी हात पुढे केला.

मोती आणि बिंदू. थेंबाएवढा मोती. पाहणाऱ्यानं बाहुलीत काळ्याऐवजी पांढरं पाहिलं आणि त्याला मोती आठवला. अरब वैद्यांना वाटलं, वरून पाणी उतरून डोळ्यात साचलं. त्यांचं 'उतरतं पाणी' अकराव्या शतकात लॅटिनमध्ये 'कॅटरॅक्टा' झालं, म्हणजे धबधबा. तो अजून इंग्रजीत कोसळतो आहे. आपल्याकडे सुश्रुतानं उत्तरतंत्रात डोळ्यांचे शहात्तर रोग मोजले आणि शलाकेनं गढूळ भिंग बाजूला सारण्याची क्रिया सांगितली. ती शलाका मराठीत सळई झाली, सळी झाली, आणि आता खिडकीत गज म्हणून उभी आहे. मघाचा तक्ता त्याच सळीला बांधलेला होता.

काचबिंदूची गोष्ट वेगळी आणि जरा वाकडी. आयुर्वेदाच्या ग्रंथांत तिमिर वाढत जाऊन त्याचा 'काच' होतो आणि पुढे नजर जाते. वर्णन मोतीबिंदूच्या वाटेनं जाणारं आहे. आज काचबिंदू म्हणजे डोळ्यातला दाब वाढून नस सुकवणारा रोग. नाव एका रोगावरून उठलं आणि दुसऱ्यावर जाऊन बसलं. गंमत म्हणजे ग्रीक 'ग्लॉकोमा'चंही तसंच झालं. निळसर हिरव्या झाकेवरून पडलेलं हे नाव शतकानुशतकं भिंगाच्या रोगाचं मानलं गेलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये मोतीबिंदू म्हणजेच गढूळ भिंग, हे सिद्ध झालं आणि ग्लॉकोमाला दुसरं घर शोधावं लागलं. यात केळापूरकरांना नवल वाटायचं कारण नाही. तालुका केळापूर, जगदंबेचं देऊळ केळापुरात, आणि तहसील कचेरी पांढरकवड्यात. नाव एका गावी, कारभार दुसऱ्या.

पण मराठीनं चुकून बरोबर शब्द धरला. 'काच' म्हणजे जाच, दाब, आवळणं. दोरी काचते, जोडा काचतो, सासरचा काच असतो. शब्द निराळा, व्युत्पत्ती निराळी. तरी डोळ्याचा दाब मोजून आलेल्या बाईला 'काचबिंदू' ऐकताच आत काहीतरी आवळतंय हेच कळतं, आणि तेच खरं आहे. पंडित याला लोकव्युत्पत्ती म्हणून हसतात. मी हसणार नाही.

बारक्या दुखण्यांची नावं तर भराभर येत होती. पापणीवर रांजणासारखी फुगते ती रांजणवाडी. खुपतात त्या खुपऱ्या. कोपऱ्यातून बुबुळावर चढतो तो वडस. डोळ्यात पडतं ते फूल, आणि हे एकच फूल कुणाला नको असतं. 'डोळे आले' हा रोग, 'डोळे गेले' हे संकट. आलेलेही वाईट आणि गेलेलेही. 'डोळा लागला' म्हणजे झोप, 'डोळे लागले' म्हणजे वाट पाहणं, फरक फक्त वचनाचा. एक पोर 'नजर काढून आनलो' म्हणालं तेव्हा त्यानं तक्ता वाचला होता की आजीनं मीठमोहऱ्या ओवाळल्या होत्या, हे विचारावं लागलं. दोन्ही झालं होतं.

मावशीचा नंबर आला तेव्हा ऊन कलतं झालं होतं. तिला लांबचं बरं दिसतं, जवळचं नाही. तिनं स्वतःच निदान सांगितलं, "चाळशी लागली." चष्म्याला या शब्दाइतकं नेमकं नाव माझ्या माहितीत दुसरं नाही. 'चष्मा' फारसी 'चश्म'वरून, म्हणजे डोळा, आपल्या 'चक्षू'चा चुलतभाऊ. उत्तरेतली 'ऐनक' अरबी 'ऐन'वरून, तोही डोळा. म्हणजे दोघांनी डोळ्याला डोळाच म्हटलं. इंग्रजी परिभाषेतल्या 'प्रेस्बायोपिया'त म्हातारा बसला आहे. मराठीनं मात्र वय मोजलं. चाळीस. चाळिशीला डोळ्यातल्या भिंगाचा लवचीकपणा कमी पडू लागतो, पेपर लांब धरावा लागतो, आणि हात पुरेनासा झाला की माणूस दुकानात जातो. वय, रोग आणि वस्तू या तिन्हींना एकच शब्द. त्यात एक योगायोग असा, की चाळिसाव्या वर्षाच्या आसपास लागणारं पहिलं भिंग साधारण एक डायऑप्टरचं असतं. जुन्या इंची हिशेबात ते ४० नंबरचं. चाळिशीची चाळशी ४० नंबरची! हे कुणी जुळवलेलं नाही, तरी मी आठवडाभर खूश होतो.

मुलीनं जवळचा तक्ता तिच्या हातात दिला. त्यावर छपाईच्या टाइपांच्या मापाची अक्षरं असतात, एन सहा, एन आठ अशी. मावशी चौथीतून शाळा सोडलेली; ती अक्षरांकडे न बघता मुलीकडे बघत राहिली. मुलीनं तक्ता बाजूला ठेवला, डब्यातून सुई काढली, काळा दोरा काढला आणि मावशीच्या नाकावर ट्रायल फ्रेम चढवली. गोल, काळी, जड. एक भिंग घातलं. दोरा सुईच्या शेजारून गेला. दुसरं घातलं. पुन्हा शेजारून. तिसऱ्याला मावशीनं दोऱ्याचं टोक ओठात ओलं केलं, सुई उजेडात धरली, आणि दोरा आत.

"दिसलं?"

मावशी सुईकडे पाहतच नव्हती. फ्रेम नीट करायला मुलगी पुढे वाकली होती आणि मावशी तिच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती.

"अवो म्याडम," ती म्हणाली, "तुमच्या डोयात त मीच बसली हावो."